पातेले एक, ताटे पाच

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात असा आहे. आपल्या घरात पाच माणसे आहेत. आपण दोघे चाळिशीतले असून दोघांनाही डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले आहे. थोरला मुलगा १५ वर्षांचा आहे आणि रोज संध्याकाळी खेळून, भुकेजून घरी येतो. धाकटी ९ वर्षांची असून ताटात हिरवे काही दिसले की ती ताटच सरकवते. वडील ७२ वर्षांचे आहेत आणि त्यांना कडक पदार्थ चावता येत नाहीत. आपण सात वाजता घरी पोहोचता आणि पावणेआठला सगळे जेवायला बसलेले असावेत अशी आपली अपेक्षा असते. गेले काही महिने आपण रोज दोन स्वयंपाक करता, म्हणजे आपल्या दोघांसाठी उकडलेल्या भाज्या आणि बाकीच्या तिघांसाठी, आपल्याच शब्दांत, ‘खरे जेवण’. आणि रात्री दहाच्या सुमारास त्या खऱ्या जेवणातले उरलेले आपण दोघेच ओट्यापाशी उभ्याउभ्या संपवता. झटपट होणारे, कमी उष्मांकांचे आणि तरीही सर्वांना आवडेल असे काय करावे, मुलांनीही तेच खावे का, आणि रात्रीच्या त्या भुकेचा बंदोबस्त कसा करावा, हे आपले तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पदार्थांच्या नावांनी सुरू करण्याचा मोह मी टाळतो, कारण आपली खरी अडचण पदार्थ सुचत नाहीत ही नसून दुसरा स्वयंपाक ही आहे. तो आजपासून बंद करावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात वेळ दुप्पट जातो, वजन उतरवणे ही शिक्षा आहे असा संदेश मुलांपर्यंत रोज पोहोचतो, आणि ज्यांनी कमी खायचे तेच शेवटी दोन्ही पातेल्यांतले खातात. त्याऐवजी पातेले एकच ठेवावे आणि त्यातले उष्मांक अशा जागी कमी करावेत की जेवणाऱ्याला ते जाणवू नयेत. मग ज्याला जास्त हवे त्याच्या ताटात वरून भर घालावी. पातेल्यात घातलेले तेल काढून घेता येत नाही, पण ताटात चीज केव्हाही किसता येते.

उष्मांक कुठे लपलेले असतात ते आधी पाहू. १ ग्रॅम स्निग्ध पदार्थातून ९ कॅलरी मिळतात, तर तेवढ्याच प्रथिनांतून किंवा कर्बोदकांतून ४. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, साधारण १२० कॅलरी असतात, मग ते तेल कोणतेही असो. ‘हलके’ किंवा ‘हृदयासाठी उत्तम’ असे बाटलीवर लिहिलेले असले तरी या आकड्यात फरक पडत नाही. बाटलीतून अंदाजाने ओतलेले तेल पाच माणसांच्या भांड्यात सहज चार चमचे होते. तेच चमच्याने मोजून दीड चमचा घातले तर ३०० कॅलरी वाचतात, म्हणजे माणशी ६०, आणि त्या जवळजवळ एका अंड्याइतक्या भरतात. स्वयंपाकघरातली एकच सवय बदलायची असेल तर ही बदला. साय, लोणी, चीज आणि दाणे यांची गोष्टही हीच आहे. ते वर्ज्य मुळीच नाहीत, पण ते मोजून आणि शेवटी यावेत, कारण वर दिसणारे चीज थोडे असले तरी त्याची चव पूर्ण लागते आणि आत विरघळलेल्या चीजचा पत्ताही लागत नाही.

तेल कमी केले की जेवण फिके लागते, ही तक्रार मात्र खरी आहे आणि उकडलेल्या भाज्यांना आपण जे कंटाळला आहात त्याचे कारणही तेच आहे. चव केवळ तेलात नसते. पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा असेल आणि तवा चांगला तापलेला असेल तर साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे तो तांबूस होऊ लागतो आणि भाजल्याचा तो खमंग वास येतो. पाण्यात उकळणारी भाजी १०० अंशांच्या वर जातच नाही, म्हणून तिला तो वास कधीच येत नाही. फ्लॉवर किंवा मशरूम आधी कोरड्या तापल्या कढईत टाकावेत, त्यांचे सुटलेले पाणी आटू द्यावे आणि मग त्यावर चमचाभर तेल सोडावे. सुरुवातीलाच तेल घातल्यास ते शोषले जाते आणि आपण पुन्हा बाटलीकडे हात नेता. वांगे तर तेल पिण्याच्या बाबतीत स्पंजाला मागे टाकते, तेव्हा ते आधी वाफवून किंवा भाजून घेतलेलेच बरे. दुसरा आधार आहे तो टोमॅटो, मशरूम, सोया सॉस यांच्यातल्या दाट, मांसल चवीचा. ती चव ग्लुटामेटमुळे येते, हे जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शावरून दाखवून दिले. तिसरा आधार आंबटपणाचा: उतरवताना पिळलेले लिंबू मिठाची आणि तेलाची दोन्हींची उणीव बरीचशी भरून काढते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा सल्ला देते, आणि सोया सॉस खारट असतो, हे लक्षात घेऊन तो वापरला की वरून मीठ घालू नये.

आता पोट भरण्याविषयी. पोट उष्मांकांनी भरत नाही. ते बऱ्याच अंशी जेवणाच्या आकारमानाने, पाण्याने, तंतूंनी आणि प्रथिनांनी भरते. सिडनी विद्यापीठात १९९५ साली सुझॅना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ सारख्याच उष्मांकांच्या मापाने लोकांना खायला देऊन पुढचे दोन तास त्यांचे पोट किती भरलेले वाटते याची नोंद घेतली. पांढऱ्या पावाला १०० गुण धरले तेव्हा उकडलेल्या बटाट्याला ३२३ गुण मिळाले आणि क्रॉसाँ या लोणीदार फ्रेंच पावाला अवघे ४७. वजन कमी करायचे ठरवले की पहिली गदा ज्याच्यावर येते तो बटाटा त्या यादीत सर्वांत वर होता, याचे मला अजूनही कौतुक वाटते. अट एवढीच की तो उकडलेला किंवा भाजलेला असावा. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण ८७ कॅलरी असतात आणि तेवढ्याच वजनाच्या तळलेल्या बटाट्यात ३०० च्या पुढे. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील बार्बरा रोल्स यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातही असेच काही दिसले. कोंबडी, भात आणि भाज्या यांचा एकच पदार्थ काही वेळा तसाच, काही वेळा सोबत पेलाभर पाणी देऊन आणि काही वेळा तेच पाणी त्यात शिजवून त्याचे सूप करून जेवणाआधी देण्यात आला. सूप घेतल्यावर स्त्रिया पुढच्या जेवणात कमी खात होत्या. नुसते पाणी सोबत प्यायल्याने तसा फरक पडला नाही.

म्हणून माझी पहिली शिफारस दाट सूप ही आहे, आणि ते जेवणाआधीचे नव्हे तर जेवण म्हणूनच खायचे. सालीविना लाल मसूर ३०० ग्रॅम घ्यावी. ती भिजवावी लागत नाही आणि १५ ते २० मिनिटांत मऊ शिजते. दीड मोठा चमचा तेलात दोन कांदे आणि चार-पाच पाकळ्या लसूण तांबूस होईपर्यंत परतावा, मग तीन गाजरे, अर्धा किलो टोमॅटो आणि धुतलेली मसूर घालून पावणेदोन लिटर पाणी ओतावे. सगळे शिजले की अर्धे भांडे घोटून घ्यावे आणि अर्धे तसेच ठेवावे, म्हणजे सूप दाटही होते आणि खाताना तोंडात तुकडेही येतात. गॅस बंद करण्याआधी दोन मिनिटे २०० ग्रॅम चिरलेला पालक आणि उतरवल्यावर लिंबू. यातून पाच जणांना भरपूर पुरेल एवढे सूप होते आणि माणशी ३०० ते ३२० कॅलरी व १५ ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने मिळतात. आपण दोघांनी त्यासोबत एकेक उकडलेले अंडे आणि पावाचा एक काप घ्यावा. थोरल्याने दोन अंडी, तीन काप आणि वर किसलेले चीज घ्यावे. वडिलांचा वाटा पूर्ण घोटून त्यात चमचाभर तेल किंवा साय घालावी. धाकटीचा वाटा पालक घालण्याआधीच बाजूला काढावा, पण चमचाभर पालक वेगळ्या वाटीत तिच्याजवळ ठेवावा. तो का ठेवायचा ते पुढे सांगतो.

दुसरे म्हणजे एकाच ट्रेमध्ये भाजलेले जेवण. ओव्हन असेल तर घरात शिरल्याशिरल्या तो २२० अंशांवर लावावा आणि मगच हातपाय धुवावेत, म्हणजे तापण्याचा वेळ फुकट जात नाही. पाऊण किलो बटाट्यांच्या पातळ फोडी, त्याच्याएवढेच गाजर, फ्लॉवर, ढोबळी मिरची, कांदे, आणि ६०० ग्रॅम कातडी काढलेल्या कोंबडीचे लहान तुकडे दोन मोठे चमचे तेल, लसूण, मिरपूड आणि मीठ चोळून एकाच थरात पसरावेत. थरावर थर दिला तर पदार्थ भाजण्याऐवजी वाफवला जातो, म्हणून गरज पडल्यास दोन ट्रे वापरावेत. अर्ध्या तासात ते तयार होते आणि तो अर्धा तास आपल्याला मोकळा मिळतो, हे या पद्धतीचे खरे मोल आहे. कोंबडीऐवजी मासे असतील तर ते शेवटच्या १२ ते १५ मिनिटांतच ठेवावेत, नाहीतर कोरडे पडतात. मांस खायचे नसेल तर टोफू (सोयाबीनचे पनीर) किंवा उकडलेले छोले चालतात. माणशी साधारण ३५० कॅलरी होतात. वडिलांसाठी मासे आणि चांगले मऊ झालेले बटाटे अधिक सोयीचे.

नूडल्स मुलांना आवडतात आणि त्या बंद करण्याचे कारण नाही. पाच जणांसाठी नेहमी घेत असाल त्याच्या साधारण निम्म्या, म्हणजे २५० ग्रॅम, घ्याव्यात आणि उरलेली जागा लांब, बारीक चिरलेल्या कोबीने व गाजराने भरावी. कोबीच्या १०० ग्रॅममध्ये अवघ्या २५ कॅलरी असतात आणि तापल्या कढईत दोन-तीन मिनिटांत तो नूडल्सच्याच वळणाचा होतो. वरून पाच अंड्यांची पातळ आम्लेटे चिरून घातली की जेवण पूर्ण झाले. पास्त्याच्या सॉसमध्ये खिम्याच्या निम्म्या वजनाचे बारीक चिरलेले मशरूम मिसळण्याची युक्तीही याच जातीची आहे. भाज्या घालून जाड भाजलेले आम्लेट, किंवा भाजलेला बटाटा फोडून त्यावर शिजवलेल्या घेवड्याच्या बिया आणि पाणी निथळलेले घट्ट दही, ही ज्या दिवशी घरी पोहोचायला आठ वाजतात त्या दिवसासाठी राखून ठेवावीत. एक सावधगिरी मात्र येथेच सांगतो. लाल राजमा घरी शिजवणार असाल तर तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळावा आणि मग पूर्ण शिजवावा. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात तो कच्चा टाकू नये, कारण त्यातले लेक्टिन नावाचे विषारी प्रथिन तेवढ्या उष्णतेने नष्ट होत नाही. डब्यातला राजमा आधीच शिजवलेला असतो.

वेळ वाचवण्यासाठी गोठवलेल्या भाज्या निःसंकोच वापराव्यात. त्या तोडल्यानंतर लवकर गोठवलेल्या असल्यामुळे पोषणात ताज्या भाज्यांच्या जवळपासच असतात, आणि चार दिवस फ्रिजमध्ये मरगळलेल्या भाजीपेक्षा पुष्कळदा सरस ठरतात. तयार जेवणाच्या पाकिटांविषयी मात्र मी इतका उदार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे, कमी प्रक्रियेचे अन्न दिले. समोर वाढलेल्या अन्नात दोन्ही वेळा साखर, स्निग्धांश, तंतू आणि एकूण उष्मांक सारखे ठेवले होते आणि त्यातले हवे तेवढे खाण्याची मुभा होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाच्या काळात माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. पाकिटावर ‘कमी कॅलरी’ लिहिलेले असते ते एका वाट्यापुरते खरे असते. आपण किती वाटे खाणार हे त्यावर लिहिलेले नसते.

आता मुलांविषयी. त्यांनी तेच पातेले खावे, पण आपला हिशेब खाऊ नये. वाढत्या वयाच्या मुलांचे उष्मांक डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून कमी करणे योग्य नाही, आणि रोज मैदानावर धावणाऱ्या १५ वर्षांच्या मुलाची भूक आपल्या दोघांच्या भुकेपेक्षा मोठी असली तर ती असायलाच हवी. पाव, भात, दूध, दाणे, चीज हे टेबलावर मध्यभागी ठेवावे आणि ते त्याला मागावे लागू नये. ‘डाएट’ हा शब्द जेवताना उच्चारूच नये, विशेषतः ९ वर्षांच्या मुलीसमोर, कारण स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी मुले मोठ्यांच्या बोलण्यातून फार लवकर उचलतात. तिच्या हिरव्याच्या तिटकाऱ्याबाबत अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली कामाची वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते: काय, केव्हा आणि कुठे खायचे हे आईवडिलांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. नवा पदार्थ स्वीकारण्याआधी मुलांना तो अनेकदा, पुष्कळदा आठ ते पंधरा वेळा, समोर यावा लागतो. वाटीतला तो चमचाभर पालक त्यासाठीच आहे. तो तिने खाल्ला नाही तर काही बोलू नये आणि खाल्ला तर टाळ्याही वाजवू नयेत. पालक सूपमध्ये लपवून घोटून टाकण्याचा मार्ग सोपा आहे, परंतु त्याने पालक पोटात जातो, ओळखीचा होत नाही. आणि एखाद्या दिवशी तिला ते कळले तर सूपही जाईल.

वडिलांच्या बाबतीत उलट काळजी घ्यावी लागेल. या वयात स्नायू झिजत असतात आणि भूकही कमी होते, त्यामुळे घरातले सगळे कमी खात आहेत म्हणून त्यांचे जेवण कमी होऊ देऊ नये. अंडी, मासे, दही, घोटलेली डाळ असे मऊ आणि प्रथिनयुक्त काहीतरी त्यांच्या ताटात रोज असावे. त्यांना मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने आणि भाज्या किती घ्याव्यात हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

शेवटी रात्रीच्या दहाच्या भुकेचा प्रश्न. ती इच्छाशक्तीची उणीव नाही. उकडलेल्या भाज्यांच्या ताटात १५० कॅलरीसुद्धा नसतील आणि प्रथिने तर नावालाच, मग दोन-अडीच तासांत भूक लागणे हे शरीराचे बरोबरच आहे. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिलेला नसेल तर आपण दोघांनी रात्रीच्या जेवणात ४५० ते ५०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने ठेवावीत. अंडे व पाव जोडलेले वरचे सूप नेमके तेवढ्यात बसते. पहिले ताट संपल्यावर दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे गप्पा माराव्यात, कारण पोट भरल्याची जाणीव थोडी मागाहून येते. एवढे करूनही दहा वाजता भूक लागलीच तर एखादे फळ किंवा वाटीभर दही बसून खावे; ओट्यापाशी उभे राहून नव्हे.

आणि उरलेले अन्न जेवण आटोपल्याआटोपल्या उथळ डब्यांत भरून तासाभरात फ्रिजमध्ये जावे. भाताच्या बाबतीत तर हे आरोग्यासाठीही आवश्यक आहे, कारण शिजवल्यानंतरही टिकून राहणारे काही जिवाणूंचे बीजाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. डब्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तो कोण नेणार त्याचे नाव लिहावे. मुलाचे नाव असलेल्या डब्याला आपण दोघेही सहसा हात लावणार नाही. आपल्यापैकी कोणाला मधुमेहाची औषधे सुरू असतील, तर जेवणातला हा बदल सुरू करण्याआधी डॉक्टरांना कळवावे, कारण पाव-भाताचे प्रमाण कमी झाले की औषधाची मात्राही बदलावी लागू शकते.

कळावे.